ढोली भरताना

आश्विन लागला हे आमच्या सिहोऱ्याकडे आधी भिंतींवरून कळते, मग आभाळावरून. चार महिन्यांच्या पावसाने मातीच्या भिंतींना पोपडे सुटलेले असतात, ओसरीची कड ढासळलेली असते, कोठ्यात गुरांच्या पायांखाली चिखलाचे खड्डे पडलेले असतात. ऊन तापू लागले की घरच्या बाया पदर खोचून माती तुडवतात, भगदाडे लिंपतात आणि वरून छुईच्या पांढऱ्या मातीचा हात देतात. आता गावात सिमेंटची घरे पुष्कळ झाली. पण ज्या घराच्या मागल्या अंगाला एक तरी मातीची भिंत उरली आहे, तिथे हा हात अजून फिरतो, आणि त्या ओल्या मातीच्या वासाने दिवाळी जवळ आल्याचे कळते.

सांदवाडीत दोडक्याचा वेल संपत आलेला असतो, वालाला फुले धरलेली असतात, छपरावर कोहळे पांढरी भुकटी अंगावर घेऊन पसरलेले असतात. त्यांच्या वड्या व्हायच्या असतात. तलावांतून शिंगाडे निघू लागतात. एकादशीच्या फराळाला बाजारातून साबुदाणा आणण्याची आमच्या बापजाद्यांना फारशी गरज नव्हती, तलावच उपवास चालवीत होता. आणि बांधीबांधीतून धान पिवळे पडू लागते. हलके धान दिवाळीच्या सुमारास विळ्याखाली येते, भारी धान मार्गशीर्षापर्यंत उभे राहते. बांधीतले पाणी काढून टाकले की त्या ओलीतच, धान कापायच्या आधी, उभ्या पिकात लाखोरी फेकतात. वरचे पीक काढून न्यायच्या आत खालचे रुजलेले असते. धुऱ्यावर तूर उभी असतेच. एवढ्याशा जमिनीतून तीन तीन धान्ये काढायची, हे आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या कुणब्या-कोहळ्यांचे आणि पोवारांचे पिढीजात कसब आहे.

त्याच दिवसांत कोजागिरीपासून काकडा सुरू होतो. कार्तिकी पौर्णिमेपर्यंत रोज पहाटे देवळात टाळ वाजतात. थंडी नुकती अंगाला लागू लागलेली, हातात कंदील नाहीतर आता बॅटरी, आणि माणसे डोळे चोळत देवाला जागे करायला निघालेली. काकडा आटोपला की त्याच बाया तशाच विळा घेऊन कापणीला जातात. पंढरपूर इथून सातशे किलोमीटरांच्या घरात. कार्तिकी एकादशी नेमकी धानाच्या कापणीत येते, त्यामुळे आमच्या भागातल्या पुष्कळांची कार्तिकी वारी ही अशी काकड्यापासून बांधीपर्यंतचीच असते. त्याबद्दल कोणी कमीपणा मानू नये. सावता महाराज आपला मळा सोडून पंढरीला गेले नाहीत अशी परंपरा सांगते, आणि अजूनही त्यांच्या पुण्यतिथीला पांडुरंगाची पालखी अरणला जाते.

परंतु आज आम्हांला लिहायचे आहे ते वारीविषयी नव्हे, ढोलीविषयी. देशावरचे वाचक जिला कणगी म्हणतात तीच ही. बुरडाने बांबूच्या कामट्यांची विणलेली, आतून-बाहेरून शेणमातीने लिंपलेली, पुरुषभर उंच. आश्विनात ती झाडून, पुन्हा लिंपून उन्हात वाळवतात, तळाशी कडुनिंबाचा पाला घालतात, आणि मग खळ्यावरचे धान तिच्यात पडते. वरून भरायची आणि बुडाशी एक लहानसे तोंड ठेवलेले असते, तिथून काढायची. ते तोंड चिंधीने किंवा नारळाच्या करवंटीने बंद करतात आणि वर शेणाचा गोळा थापतात.

माळ घातलेल्या घरात ही ढोली भरताना एक प्रश्न दरसाल उभा राहतो, आणि दरसाल आपण तो शेणाच्या गोळ्याने थापून टाकतो. कीर्तनात ऐकतो की उद्याची चिंता करू नये, जो चोच देतो तो चारा देतो, संग्रहाने माणूस बांधला जातो. मान डोलावतो. घरी येतो आणि पुढल्या कार्तिकापर्यंतचे धान मोजून ठेवतो. दोन्ही गोष्टी आपण मनापासून करतो. मग यातले खोटे कोणते? एका पोराने एकदा सप्ताहात बुवांना भर सभेत विचारले होते, "महाराज, देव देतो तर ढोली कायले पायजे जी?" मंडळी हसली, बुवाही हसले आणि पुढच्या चरणाला लागले. त्या पोराला उत्तर कोणी दिले नाही. आम्हीही त्या हसणाऱ्यांत होतो.

उत्तर सोपे नाही, पण एक सोपे उत्तर आधी बाजूला करू. साठवण हेच पाप, असे काही आपला संप्रदाय म्हणत नाही. हा भिक्षेकऱ्यांचा पंथ नव्हे. नामदेवराय शिंपी, गोरोबाकाका कुंभार, सेना महाराज न्हावी, नरहरी सोनार. ज्याने त्याने आपल्या हातचा धंदा केला आणि घर चालवले. तुकोबांच्या घरी तर दुकान आणि सावकारी होती. ज्याच्या घरी काही नाही तो दाराशी आलेल्याला काय देणार? वारकऱ्यांचे मोठे मोठे फड, वाटेवरच्या पंगती, गावोगावचे सप्ताह, हे सारे कुणाच्या तरी भरल्या ढोलीवर चालले आहे. ढोली रिकामी ठेवून वैराग्य मिरवणाऱ्याच्या घरची बाई शेजारी उसने मागत फिरते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. वैराग्य त्याचे, फिरणे तिचे.

तेव्हा भरावी की नाही हा वाद नाही. भरलेल्या ढोलीवर हक्क कुणाकुणाचा, ती कुठल्या बाजूने उघडायची आणि कधी, यावर सारे अडते. हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. आमच्या लहानपणी आमच्याच ओसरीवर जे घडले त्यावरून शिकलो, आणि शिकायला पुष्कळ वर्षे लागली.

त्या साली हस्ताने पाठ फिरवली होती. धान पोटरीला आले आणि पाणी गेले. तलावाच्या पाण्याची पाळी लागून लागून आमच्या बांध्या कशाबशा वाचल्या, वरच्या अंगाच्या लोकांचे धान पळंज झाले. आमच्याकडे कापणीला, रोवण्याला वर्षानुवर्षे येणारी एक बाई होती. तिची दीड एकर जमीन वरच्याच अंगाला. आश्विन सरता सरता ती एका संध्याकाळी आली. ओसरीखाली उभी राहिली. आम्ही आठ-नऊ वर्षांचे, तिथेच पाढे म्हणत बसलो होतो.

"बाबू, आजीले सांग, चार पायल्या धान पायजे. पोरगं तापानं पडलं हाये. कापणीत फेडून टाकतो म्हणा."

आम्ही आत गेलो. आजी मागच्या अंगणात गाईजवळ होती. वडील माजघरात हिशेबाची वही घेऊन बसले होते. आम्ही त्यांना सांगितले. त्यांनी वर पाहिले नाही. म्हणाले, "सांग तिला, दिवे लागले आता. दिवेलागणीनंतर घरातून धान देत नाहीत. आणि रास मोजून देवापुढे ठेवल्याशिवाय यंदाचे धान हलत नाही. सकाळी बघू."

आम्ही बाहेर येऊन शब्दन् शब्द तसाच सांगितला. पाढ्यासारखा. ती बाई क्षणभर उभी राहिली, "बरं" म्हणाली, आणि गेली. समोर देव्हाऱ्यात समई तेवत होती. वडील मग हरिपाठाला बसले, आम्हीही बसलो.

यात खोटे काय होते? काहीच नाही. दिवे लागले होते हे खरे. दिवेलागणीला घरची लक्ष्मी बाहेर देऊ नये ही चाल खरी. नवी रास देवाला दाखवल्यावाचून तिला हात लावू नये हीही चाल खरी आणि चांगली. पण तीन खऱ्या गोष्टी एकावर एक रचून आम्ही एक नकार उभा केला होता, आणि त्याला देवाच्या समईचा उजेड दिला होता. माजघरात मागल्या वर्षीच्या ढोलीत, बुडाशी, गेल्या सालचे धान होते. ते ना मोजायचे होते ना देवाला दाखवायचे होते. ते तिथे आहे हे वडिलांना माहीत होते. आम्हांलाही होते, कारण आदल्या आठवड्यात त्या तोंडातून धान काढायला आमचाच लहान हात घातला होता.

वडील वाईट मनुष्य नव्हते. एकादशी चुकवली नाही, कुणाची कवडी बुडवली नाही. त्या सालच्या अवर्षणाने त्यांच्या मनात भीती बसली होती, इतकेच. आमचे असे मत झाले आहे की हाव ही माणसाला फार क्वचित हाव म्हणून भेटते. ती भीतीच्या रूपाने येते, आणि भीतीला कर्तव्याचे कपडे फार चांगले बसतात. "पोराबाळांसाठी ठेवावे लागते", "पुढचे साल कसे येईल कोण जाणे", यातले कोणते वाक्य खोटे आहे सांगा पाहू. म्हणून तर ते सांगायला लाज वाटत नाही.

त्या बाईचे पुढे काय झाले ते सांगू, पण आधी तलावाविषयी चार शब्द सांगितले पाहिजेत, कारण आमच्या मनातली गाठ सोडवली ती तलावाने.

भंडारा जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. आमच्या सिहोऱ्याजवळ चांदपूरचा मोठा तलाव आहे, टेकडीवर मारुतीराय आहेत. पण आम्ही म्हणतो ते गावोगावचे जुने मालगुजारी तलाव. कोहळी मंडळींनी जमिनीचा उतार नजरेने ओळखून पाळी घातल्या आणि धानाची शेती पावसाच्या लहरीतून अर्धीमुर्धी सोडवली. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, पुष्कळ गाळाने भरले; पण ज्यांची पाळ शाबूत आहे त्यांच्यावर आजही बांध्या पिकतात.

अशा तलावाला पाणी बाहेर जायला दोन वाटा असतात. एक सांडवा, त्याला इकडे सलंग म्हणतात. तलाव काठोकाठ भरला की वरचे जास्तीचे पाणी त्यावरून आपोआप वाहून जाते. सलंग नसेल तर पाळ फुटते. म्हणून सलंग ही तलावाची दया नव्हे, तलावाची गरज आहे. दुसरी वाट म्हणजे पाळीच्या पोटातली मोरी. तिला तुडूम म्हणतात. ती आपोआप वाहत नाही. ती माणसाला उघडावी लागते. आणि ती उघडण्याची वेळ येते ती तलाव भरून वाहत असताना नव्हे, तर पाऊस गेला, वरून थेंब येत नाही, पाणी रोज बोटबोट खाली जाते आहे आणि खाली धान पोटरीला आले आहे, तेव्हा. म्हणजे नेमके तेव्हा, जेव्हा तलावाने पाणी राखून ठेवावेसे वाटते!

आम्ही आयुष्यभर जे देत आलो ते बहुतेक सलंगेवरचे पाणी, हे कळायला आम्हांला इतकी वर्षे लागली. धान उदंड झाले तेव्हा पंगत घातली. जुने लुगडे द्यायचे, कारण नवे आले. उरलेले अन्न द्यायचे, कारण उद्या ते टिकणार नाही. सप्ताहाला दोन पोती दिली त्या सालीही ढोल्या ओसंडत होत्या. हे वाईट नव्हे. सलंगेचे पाणीही कुणाच्या तरी बांधीत जातेच. पण त्याला दान म्हणून मनात नोंद करून ठेवायची, आणि तुडूम मात्र शेणाचा गोळा लावून बंद, हा हिशेब पांडुरंगापुढे चालेल असे वाटत नाही. त्या संध्याकाळी त्या बाईने सलंगेवरचे मागितले नव्हते. तिने तुडूम उघडा म्हटले होते.

कोणी म्हणेल, तलाव उपसून कोरडा केला तर पुढच्या वर्षी मासाही उरणार नाही, मग बीज-बियाण्याचेही देऊन टाकायचे काय? रास्त शंका आहे. बियाण्याचे धान देऊ नये. पोरांच्या तोंडचे काढून वाहवा मिळवू नये. तुडूम उघडणारालाही हिशेब असतो. कुणाची पाळी केव्हा, किती, हे तो ठरवतो आणि तळाचे पाणी राखतो. आमचे म्हणणे एवढेच की तळ कुठे लागतो हे भीतीला विचारू नये. भीतीला तळ नेहमी जवळच दिसतो.

संतचरित्रांत या दृष्टीने पाहिले तर दोन गोष्टी आम्हांला नव्याने दिसू लागल्या. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा सर्वांना पाठ आहे. दुष्काळात त्यांनी बेदरच्या बादशहाची कोठारे भुकेल्यांना लुटवली, आणि पुढे विठू महार होऊन देवाने रकमेचा भरणा केला. या कथेवर एक कुत्सित प्रश्न विचारला जातो: धान्य बादशहाचे, मग दामाजीचे त्यात काय गेले? आमचे उत्तर असे की धान्य बादशहाचे होते, मान दामाजीची होती. ती गेली असती. त्यांनी जे दिले ते सलंगेवरचे नव्हते, म्हणून तर ती कथा इतकी शतके टिकली.

दुसरी गोष्ट तुकोबांची. १६३० साली महाराष्ट्रात भयंकर दुष्काळ सुरू झाला, त्यात तुकोबांचे घर उद्ध्वस्त झाले, पहिली पत्नी अन्नावाचून गेली. महिपतिबुवांनी सांगितलेली कथा अशी की पुढे तुकोबांनी लोकांकडे येणे असलेल्या पैशाची खते इंद्रायणीत बुडवली. धाकट्या भावाचा अर्धा वाटा त्याला देऊन आपला अर्धा बुडवला. यावर आम्ही पुष्कळ दिवस विचार केला. त्यांनी धान्य का नाही बुडवले? अर्थात कोणी शहाणा मनुष्य धान्य बुडवणार नाही. पण खत आणि धान्य यांत एक मोठा फरक आहे. ढोलीतल्या धानात स्वतःचा घाम साठवलेला असतो. खतात दुसऱ्याचा, आणि तोही अजून न गळालेला. ज्याच्या घरी पुढल्या साली उपास पडणार त्याचा उपास आजच आपल्या नावे लिहून ठेवायचा, असा तो कागद. भाऊ मात्र प्रपंच चालवणारा होता, त्याचा वाटा त्याला दिला; आपले वैराग्य दुसऱ्याच्या वाट्यातून केले नाही. हे आम्हांला त्या कथेतले फार बारीक आणि फार सुंदर वाटते.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. साठवण दोन जातींची. एक, आपल्या आणि आपल्यांच्या गरजेची वाट पाहणारी. दुसरी, दुसऱ्याच्या अडचणीची वाट पाहणारी. बाहेरून दोन्ही ढोल्या सारख्याच दिसतात. १९४३ साली बंगालात दुष्काळ पडला, वीस-तीस लाख माणसे गेली असे जाणते लोक सांगतात. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली आपल्या ग्रंथात दाखवून दिले की तिथे तांदूळ नाहीसा झाला नव्हता; भाव चढले आणि ज्यांच्या हाती पैसा नव्हता त्यांच्या हातून तो निसटला. कुणाच्या तरी कोठारात तो वाट पाहत बसला होता. तांदूळ पिकवणाऱ्या जिल्ह्यातल्या माणसाने हे वाचले की झोप उडते.

इथे एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलली पाहिजे, नाहीतर आमचा लेख वाचून गरीब शेतकरीच खाली मान घालील. दोन-चार एकरवाला कुणबी कापणीच्या वेळी धान न विकता भाव यायची वाट पाहतो, त्याला आम्ही साठेबाज म्हणत नाही. कापणीला सर्वांचेच धान एकदम बाजारात येते, तेव्हा घेणारा भाव पाडतो. २०२५-२६ च्या हंगामाला सरकारने साधारण धानाचा आधारभाव क्विंटलला २,३६९ रुपये धरला. पण खरेदी केंद्रावर पाळी येईपर्यंत ज्याला दम धरवत नाही तो मिळेल त्या भावाने देऊन मोकळा होतो. तुमसरच्या बाजारात हे काय ते डोळ्यांनी पाहावे. तेव्हा ढोली ही गरिबाची ढालही आहे. ज्याच्या घरी चार महिन्यांचे धान आहे तोच व्यापाऱ्याला "नाही" म्हणू शकतो. म्हणूनच ढोली भरा, असे आम्ही हट्टाने म्हणतो. व्यापाऱ्याला "नाही" म्हणायला ती भरावी. ओसरीखाली उभ्या असलेल्या बाईला "नाही" म्हणायला नव्हे.

आता कोणी विचारील की, महाराज, ओसरीखाली आज उभे कोण राहते? शिधापत्रिकेवर माणशी पाच किलो धान्य मिळते, २०१३ चा अन्नसुरक्षेचा कायदा आहे, आणि १ जानेवारी २०२४ पासून पाच वर्षे ते फुकट ठेवले आहे. पायल्या मागायला कोणी येत नाही. हे खरे आहे आणि ते चांगलेच झाले; चार पायल्यांसाठी कुणाला कुणाच्या दारात उभे राहावे लागू नये, याहून मोठी पंगत कुठली? पण तुडुमाचे काम त्याने संपले असे नव्हे. मागणे बदलले आहे. पूर्वी कापणीला बाया कडपे टाकीत, भारे बांधीत, पुंजणे रचीत. धान चुरून, वाऱ्यावर उडवून रास होईपर्यंत महिना दीड महिना गावातल्या निम्म्या घरांना काम असे, आणि मागे पडलेला सरवा वेचून म्हाताऱ्या-कोताऱ्या आपली टोपली भरीत. आता हार्वेस्टर येतो आणि सकाळची बांधी दुपारी मोकळी करून जातो. आमच्याही बांधीत आला. पाऊस केव्हा गाठेल याचा नेम नाही, मजूर वेळेवर मिळत नाही, मग करणार काय? पण तो गेल्यावर तणसही धड उरत नाही, चुरा होऊन पसरते. गाय असलेली विधवा पूर्वी तणसाचा भारा मागत असे. आता ती काय मागणार, आणि आम्ही काय देणार? जे आता मागितले जाते ते असे: पोराच्या कॉलेजची फी भरायला दोन महिन्यांसाठी पैसे. तुमसरच्या, नागपूरच्या दवाखान्यात सोबत. गाडी. सही. वेळ. यांतली एकही वस्तू ढोलीत मावत नाही, पण नकार देताना आम्ही काढलेले शब्द मात्र तेच असतात: "सकाळी बघू."

आता त्या बाईचे.

दुसऱ्या दिवशी पहाटे काकड्याला ती आली नाही. कधी न चुकणारी. आजीच्या ते लक्षात आले. घरी परतताना आजी वाट वाकडी करून तिच्या घरी गेली. आम्ही आजीचे बोट धरून. पोरगे खाटेवर होते, अंगावर घोंगडी. चुलीवर भात शिजत होता. म्हणजे धान कुठून तरी आले होते. आजीने घरभर नजर फिरवली. पाण्याच्या जागी पितळी गुंड नव्हता, मातीचा घडा होता. आमचा जिल्हा भांड्यांचा. गरिबातल्या गरिबाच्या घरीही लग्नातला एक पितळी गुंड असायचा. तो नाही म्हणजे कुठे आहे हे विचारावे लागत नसे.

"माह्याकडं का नाही आलीस वं?" आजीने विचारले.

ती बाई काही बोलली नाही. आमच्याकडे तिने पाहिलेही नाही. आम्हीच खाली पाहिले.

घरी येऊन आजीने जे केले ते आमच्या घरात पूर्वी कोणी केले नव्हते. रास अजून खळ्यावर होती, मोजणी व्हायची होती. ती माजघरात गेली, मागल्या सालच्या ढोलीच्या बुडाचा शेणाचा गोळा खुरप्याने फोडला, आणि पायली लावून बसली. वडील दारात उभे राहिले. "आई, पाहू म्हणालो होतो मी," एवढेच म्हणाले. आजी वळली नाही. म्हणाली, "सकाळ झाली."

आठ पायल्या धान घेऊन आजी पुन्हा गेली. त्या बाईने चार घेतल्या. उरलेल्या चार घ्यायला ती कबूल होईना. आजीने पोराच्या तापाचे नाव काढले, सणाचे नाव काढले. "मागतल्या चार, घेतो चार," ती म्हणाली, आणि टोपली उलटून बाकीचे धान आजीच्या पदरात परत ओतले. गुंड सोडवून आणायचे आजीने सुचवले तेव्हा ती जरा रागावलीच. तो तिचा तिने माघात सोडवला.

या गोष्टीत आजीला थोरपण देऊन आम्हांला मोकळे होता येत नाही, कारण एक भाग अजून राहिला. मार्गशीर्षात कापणी-चुरणी आटोपल्यावर, मजुरीचे भारे झोडून, ती बाई डोक्यावर टोपली घेऊन आमच्या अंगणात आली. फेडायला. चार पायल्या. त्यावेळी ओसरीवर वडील होते, आजी होती, आम्ही होतो. वडिलांचा चेहरा पडला. ते घाईने उठले आणि म्हणाले, "राहू दे बाई. ते काय उसने होते काय? घरचंच समज. परत ने."

आजवर आम्हांला वाटे की वडिलांनी तेव्हा चूक सुधारली. मोठे मन दाखवले. आता तसे वाटत नाही. वडिलांना ते धान नको होते, कारण ते परत घेतले की ती संध्याकाळ आठवत राहणार होती. दान म्हणून सोडून दिले की हिशेब मिटला. पण ज्या बाईने चार मागून चारच घेतले, तिच्या उसन्याला आता दान म्हणणे म्हणजे तिच्याकडून आणखी एक वस्तू काढून घेणे होते. त्या टोपलीत धानाखाली तिने आणखी काहीतरी आणले होते, आणि ते परत घेऊन जाण्याची सक्ती आपण तिच्यावर करत आहोत, हे त्यांना दिसले नाही. देणारा होणे फार सोपे आहे हो. समोरच्याला देणारा होऊ देणे कठीण.

आजीने वडिलांकडे दुर्लक्ष केले. टोपलीला हात लावून ती उतरून घेतली. पायली आणली. धान पायलीत भरले, वरून हाताने सपाट केले. एक, दोन, तीन, चार. मोठ्याने मोजले, ती ऐकेल असे. मग आम्हांला ढोलीच्या वरच्या तोंडाशी उचलून धरले आणि पायली हातात दिली.

"ओत," म्हणाली.

आम्ही ओतले. तिचे धान आमच्या धानात मिसळले. खाली त्या बाईने रिकामी टोपली झटकली, उलटी करून दाराशी ठेवली, ओसरीच्या कडेवर बसली आणि आजीला विचारले, औंदा काल्याच्या दिवशी लाह्या कोणी भाजल्या होत्या, फारच काळ्या पडल्या होत्या म्हणून. दोघी पुष्कळ वेळ त्यावरच बोलत बसल्या.